क्यूआर कोडमधले आडनाव

देश डिजिटल झाला, असे आपल्याला गेली दहा वर्षे रोज सांगितले जात आहे. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ची घोषणा झाली. १६ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात ‘स्टार्टअप इंडिया’चे नगारे वाजले. नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा, हा उपदेश तेव्हापासून सुरू झाला तो थांबलेला नाही. त्या नगाऱ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच, दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाला आपले जीवन संपवावे लागले. या दोन तारखा एकमेकींना लागून आहेत, हे सरकारी जाहिरातींना आठवत नसले तरी आंबेडकरी समाजाला आठवते. परंतु आज आम्हाला दिल्ली-हैदराबादविषयी लिहायचे नाही. आज लिहायचे आहे ते कुंभवलीविषयी आणि तेथील एका विद्यार्थिनीच्या वहीविषयी.

कुंभवली हे पालघर तालुक्यातील गाव. बोईसर स्टेशनला उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागले की गाव कोठे संपते आणि कारखाने कोठे सुरू होतात हे परक्या माणसाला समजत नाही. एका बाजूला रसायनांचा उग्र वास, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ पासून ते देशाला वीज देते. त्याच्या पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. जानेवारी २०२० मध्ये कोलवड्याच्या बाजूला रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसे गेली. आता बोईसरला बुलेट ट्रेनचे स्टेशन होणार आहे आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान आणि भांडवल यांची या पट्ट्यात वाण नाही. वाण आहे ती या सगळ्यात आपल्या माणसाचा वाटा किती, या प्रश्नाच्या उत्तराची.

२०२५ च्या वर्षावासात तेथील विहारात ग्रंथवाचनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी जयभीम करून पुढे आली. “सर, कॉलेजात प्रोजेक्ट दिलाय. आपल्या परिसरातले तंत्रज्ञान आणि उद्योजकता. रोज एक निरीक्षण लिहायचे. तुम्ही वाचून बघाल का?” शंभर पानी वही होती. आम्ही ती घरी आणली आणि एका बैठकीत वाचून काढली. प्राध्यापक मंडळींच्या परिसंवादांत ऐकायला न मिळणारे पुष्कळ काही त्या वहीत आहे.

तिचे वडील रसायनांच्या कारखान्यात ठेकेदारीवर आहेत. उद्या कामावर जायचे की नाही, हे ठेकेदाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री ठरते. यादीत नाव आले तर कामावर, नाही आले तर घरी. तिने लिहिले आहे की, पूर्वी ठेकेदार नाक्यावर उभा राहायचा, तेव्हा दोन शब्द बोलता तरी यायचे. आता यादीशी भांडता येत नाही. दुसऱ्या एका पानावर शिष्यवृत्तीच्या अर्जाची हकिकत आहे. फॉर्म ऑनलाइन, आधारला जोडलेला नंबर वडिलांचा आणि ज्वालाग्रही रसायनांच्या विभागात मोबाइल नेण्यास बंदी. ती सायबरमध्ये खुर्चीवर बसून, ओटीपी वडिलांच्या कपाटातल्या मोबाइलवर आणि मुदत दहा मिनिटांची. तीन दिवस हा खेळ चालला. शेवटी वडिलांनी एक पाळी बुडवली तेव्हा फॉर्म गेला. शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना भांडून मिळवलेला तो हक्क आहे. तो हक्क मिळवायला आज एका कामगाराला एका दिवसाची मजुरी द्यावी लागते.

मोटारसायकलवरून डबे आणि पार्सले पोचवणाऱ्या पोरांविषयीही तिने लिहिले आहे. कंपनी त्यांना ‘पार्टनर’ म्हणते. तिचा साधा प्रश्न आहे : पार्टनर असेल तर नफ्यात वाटा किती? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने भागीदारीचा धडा वाचलेला असल्यामुळे हा प्रश्न तिला पडला. तो मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांना का पडत नाही?

पण वहीतली खरी गोष्ट तिच्या आईची आहे.

तिची आई डबे करते. एमआयडीसीत एकट्याने राहणारे कामगार, कारकून, नव्या इमारतींत राहायला आलेली नोकरदार माणसे हे तिचे गिऱ्हाईक. सुरुवात चाळीतल्या चार डब्यांनी झाली. मग मुलीने मोबाइलवर जाहिरात तयार केली, भाजी काय आहे ते रोज सकाळी ग्रुपवर टाकू लागली, पैशासाठी क्यूआर कोड लावला. त्या कोडला तिने ‘घरगुती डबा’ असे नाव दिले होते. डबे ३१ वर गेले. एका इमारतीतून तर एकदम नऊ डब्यांची मागणी आली. जेवण चांगले, वेळेवर आणि स्वस्त. गिऱ्हाईकाने आईला कधी पाहिले नव्हते आणि आईने गिऱ्हाइकाला. बाजाराला जात नसते असे जे म्हणतात, त्यांनी दाखला म्हणून द्यावा असा हा प्रकार होता.

त्यानंतर यूपीआयचा नवा नियम आला. पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच पडद्यावर दाखवावे, स्वतः लावलेले टोपणनाव दाखवू नये, असा आदेश एनपीसीआयने सर्व अ‍ॅपना दिला आणि त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत ठेवली. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम झाला आणि त्याच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जुलैपासून पैसे भरणाऱ्याला ‘घरगुती डबा’ दिसेनासा झाला. त्या जागी आईचे संपूर्ण नाव दिसू लागले, आडनावासह. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आडनावावरून गाव विचारतात, गावावरून वाडा काढतात आणि मग पुढचे काही विचारावे लागत नाही.

ऑगस्टअखेर डबे १९ वर आले. नऊ डब्यांची ती इमारत पूर्ण बंद झाली. कोणी तोंडावर काही बोलले नाही. एकाने पथ्य सांगितले, एकाने गावी चाललो म्हणून सांगितले, बाकीच्यांनी काहीच सांगितले नाही. पुढे त्याच इमारतीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या शेजारणीकडून कळले की तेथील ग्रुपवर कोणीतरी एवढेच लिहिले होते : डबेवालीचे नाव वाचले का? ना शिवी, ना जातीचा उल्लेख. वाचणाऱ्यांना तेवढे पुरले.

आता कायद्याचे बोला. २०१५ च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आर्थिक आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती दुरुस्ती लागू झाली. चांगला कायदा आहे, तो लढून मिळाला आहे. पण पाटलाने दवंडी पिटून केलेला बहिष्कार सिद्ध करता येतो. नऊ माणसांनी आपापल्या मोबाइलवर आपापल्या घरात बसून उद्यापासून डबा नको असे लिहिले, तर कोणता पोलीस अधिकारी फिर्याद लिहून घेईल? पंचनामा कशाचा करील? गावचा बहिष्कार उघड होता, हा बहिष्कार खासगी आवड म्हणून मिरवतो. म्हणून तो अधिक निर्धास्त आहे.

वही वाचताना आम्हाला शंभर वर्षांपूर्वीचे एक दुकान आठवले. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! सल्ला उत्तम, काम बरे चालले. मग पेढी चालवणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक आटले. पेढी बंद करावी लागली. सल्ल्याला हात लावून कोणी विटाळत नव्हते, सल्ला खाण्यापिण्याची वस्तूही नव्हती. तरीही नाव कळताच बाजाराने पाठ फिरवली. भांडवल, शिक्षण आणि कर्तबगारी ही तिन्ही असली तरी गिऱ्हाईक जातीने बांधलेले असेल तर धंदा उभा राहत नाही, हा धडा बाबासाहेबांनी स्वतःच्या पेढीवर घेतला आहे. ‘उद्योजक व्हा’ म्हणणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

त्याच काळात कोल्हापुरात दुसरा प्रयोग झाला. छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. महाराजांनी गंगारामांना भांडवल दिले, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती म्हणजे गिऱ्हाईक. आपली सगळी सरकारे कर्ज देण्याच्या योजना आखतात. गिऱ्हाईक देण्याची योजना आखताना त्यांचा हात आखडतो. शाहू महाराजांच्या नावाने पुरस्कार वाटणाऱ्यांनी त्यांच्या त्या चहाचा अर्थ कधी समजून घेतला आहे काय?

कोणी म्हणेल, हा एका गावातल्या एका बाईचा अनुभव, त्यावरून एवढा निष्कर्ष कशाला? तर प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या दोनतृतीयांशच्या आसपास भरली. अमेरिकेतही वेगळे नाही. परक्याच्या घरात खोली भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या अ‍ॅपवर हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या पाहुण्याला होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. आणि आपली जात तर आता त्याच देशाच्या सिलिकॉन व्हॅलीतही पोचली आहे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराला जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला. संगणकाची भाषा अस्खलित येणाऱ्यांच्या डोक्यातून जात गेली नाही, तर ती बोईसरच्या इमारतीतल्या ग्रुपमधून जाईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

ग्रुपचा विषय निघाला म्हणून सांगतो. पालघर जिल्ह्याला आणि खान्देशाला मोबाइलवरच्या एका वाक्याची किंमत चांगली माहीत आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसे! अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी आमच्या याच जिल्ह्यात, गडचिंचल्यात, चोर आल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला, आणि मग त्या हत्यांना धार्मिक रंग देणाऱ्या दुसऱ्या अफवा देशभर फिरल्या. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका मुलाचा खून झाला. कारण काय, तर त्याच्या मोबाइलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन. ही उदाहरणे डब्याच्या गोष्टीहून फार भयंकर आहेत, त्यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण यंत्र एकच आहे आणि ज्या समाजाच्या हाती ते जाते त्या समाजाचे मन ते बोलते, एवढेच दाखवायचे आहे.

आता सरकारचा हिशेब. ५ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या आणि २०२५ पर्यंत मुदत असलेल्या ‘स्टँड-अप इंडिया’त बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपये कर्ज द्यायचे होते. कुंभवलीच्या या आईला हवे होते मोठे गॅस बर्नर, भांडी आणि जुना फ्रीज यांच्यापुरते पैसे. दहा लाखांच्या खाली जी योजना सुरूच होत नाही, ती तिच्या काय कामाची? ‘मुद्रा’ आहे, महात्मा फुले विकास महामंडळ १९७८ पासून आहे, पण कर्जाने डबे शिजतात, विकले जात नाहीत. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) खासगी मालकीच्या आस्थापनांपैकी अनुसूचित जातींकडे ११.४ टक्के होत्या, लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के. आणि या ११ टक्क्यांतही कारखानदार किती आणि घरातल्या चुलीवर धंदा करणाऱ्या किती, हे ज्याचे त्याने ओळखावे.

गिऱ्हाईक देणारी तरतूद एक आहे, पण तिची चर्चा आपल्याकडे होत नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा खरेदी करायचा आहे. २०१८ मध्ये तो २० वरून २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेतले पाहिजेत. प्रत्यक्षातली खरेदी या चार टक्क्यांच्या फार खाली राहत आली आहे. पात्र पुरवठादार मिळत नाहीत, हे ठरलेले उत्तर. नोकरीतल्या अनुशेषाला ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ म्हणत, त्याचाच हा सख्खा भाऊ! तारापूरचे अणुवीज केंद्र चालवणारे महामंडळ हा केंद्राचा सार्वजनिक उपक्रम आहे. म्हणजे कुंभवलीच्या हाकेच्या अंतरावर हे चार टक्के उभे आहेत. दुसरी गोष्ट कारखान्यांतील कॅन्टीनची. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीनची सक्ती करता येत असे. २०२० च्या संहितेने ही मर्यादा ठेकेदारीचे कामगार धरून १०० वर आणली. एमआयडीसीतल्या या कॅन्टीनांचे ठेके कोणाला मिळतात, त्यात आपल्या महिला बचत गटांना किती, हे विचारायला कोणत्याही अ‍ॅपची गरज नाही.

येथे एक गंमत तिच्या वहीत आहे. ‘उद्यम’ नोंदणीच्या सरकारी फॉर्ममध्ये सामाजिक प्रवर्ग विचारतात. ही नोंदणी विनाशुल्क आहे, तरी एका सेवा केंद्रात तिच्याकडून पाचशे रुपये घेतले, तो भाग वेगळा. तिने लिहिले आहे : “फॉर्म जात विचारतो, पण त्यामुळे काही मिळू शकते. क्यूआर कोड जात विचारत नाही आणि असलेले जाते.” आरक्षणात जात विचारली की ज्यांच्या पोटात दुखते, त्यांच्यासाठी आम्ही हे वाक्य जसेच्या तसे छापत आहोत.

आपल्या माणसांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या मोबाइलवर हजारो चित्रे येतात-जातात. त्यातल्या किती जणांनी बोईसरमध्ये राहून या बाईचा एक डबा लावला? आपल्याच वस्तीतला, बँकेत लागलेला साहेब इमारतीत राहायला गेला की त्याला डबा दुसऱ्या आडनावाचा लागतो, हेही आम्ही पाहिले आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ केले तरीही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा बाबासाहेब दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात बसून राहिले नाहीत. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ काढले, भारतभूषण छापखाना स्वतः चालवला. साधन आपल्या मालकीचे हवे, हे त्यांनी ओळखले होते. आपण मात्र दुसऱ्याच्या दुकानात गर्दी करून त्यालाच चळवळ म्हणतो आहोत.

वही परत द्यायला गेलो तेव्हा आई घरी होती. तिने चहा दिला आणि सरळ विचारले, “दादा, बँकेत धंद्याच्या नावाने खाते काढले की परत आडनाव दिसणार नाही म्हणतात. काढू का?” मुलगी तावातावाने म्हणाली, “का लपवायचे? आपण चोरी केली आहे का?” आई म्हणाली, “तुझी फी डब्यांतून जाते, बाई.”

आम्ही आईच्या बाजूने बोललो. धंद्याच्या नावाने खाते काढणे म्हणजे लपणे नव्हे. मोठमोठे शेठ कंपनीच्या नावानेच धंदा करतात, त्यांना कोणी लपले म्हणत नाही. ते खाते तिने जरूर काढावे. पण मुलीचेही खोटे नाही. आडनाव झाकून मिळालेले गिऱ्हाईक हे ते उघडे पडेपर्यंतचेच गिऱ्हाईक असते. बाबासाहेबांच्या पेढीवर तेच झाले. नऊ डबे एका ओळीने बंद होऊ शकतात, कारण ते नऊ जणांच्या मर्जीवर होते. शंभर ताटांचा कॅन्टीनचा ठेका करारावर असतो, तो ग्रुपवरच्या एका ओळीने तुटत नाही. म्हणून मर्जीवरून करारावर जाणे हीच आता मागणी पाहिजे आणि ती एकट्या बाईने करून भागणार नाही.

त्या संध्याकाळी विहारात दहा-बारा बायका बसल्या. लोणची, मसाले, शिवणकाम असे कोणाकोणाचे काही ना काही चालू आहेच. त्यांनी मिळून गट नोंदवायचे ठरवले. गटाच्या नावावरून बराच वाद झाला. बहुतेकींना ‘रमाई’ हवे होते, दोघी-तिघींना त्यानेही गिऱ्हाईक जाईल अशी भीती होती. तो वाद अजून मिटलेला नाही. मुलीने मात्र त्या दिवशी विहारात बसूनच मोबाइलवर माहितीच्या अधिकाराचा ऑनलाइन अर्ज भरला : चार टक्क्यांच्या तरतुदीखाली गेल्या तीन वर्षांत अनुसूचित जाती-जमातींच्या किती उद्योगांकडून किती रकमेची खरेदी झाली आणि कॅन्टीनचे ठेके कोणत्या पद्धतीने दिले जातात? दहा रुपये शुल्क आईच्या खात्यातून गेले. कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की याच स्तंभात छापू, आणि वेळेत आले नाही तर तेही छापू.